दाजींचा हिटर

“थर्मोस्टॅट गेलाय,” दाजी म्हणाले आणि पिकअपच्या उघड्या बॉनेटमध्ये बोट रोखून उभे राहिले. थर्मोस्टॅटनं घाबरून आपणहून बाहेर यावं, असा एकूण आविर्भाव.

आमचे मालक शेजारी उभे राहून मान डोलवत होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, दुकानाच्या पायरीवर दोन शाली पांघरून बसल्या होत्या, त्याही मान डोलवत होत्या. थर्मोस्टॅट खायचा असतो की अंगाला लावायचा, हे आत्यांना ठाऊक नव्हतं. जावई बोलला की मान डोलवायची, एवढं ठाऊक होतं.

“पण दाजी, आतल्या पायपा गरमच हायत की,” मी म्हटलं. “हात लावून बघा, चटका बसतोय. ऊब हाय, वारंच येत न्हाय.”

दाजींनी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मालकांना म्हणाले, “हणमंतराव, तुमच्याकडं गाडीचं बायका बघतात का?”

मालक हसले. ते हसणं मी लग्नाच्या मांडवापासून बघत आलेय. आपल्या बायकोचा कुणी पाणउतारा केला, की त्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आधी आपण हसायचं, असलं ते हसणं.

ही गोष्ट रोहडूची. हिमाचलात, शिमल्याच्या पलीकडं, सफरचंदांच्या मुलखात. आम्ही विट्याकडची माणसं, गलाईवाले. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. देशात जिथं सोनार आहे तिथं आमच्याकडचा कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला असतोच. रोहडूत आमचे मालक बसले होते. पिकअप घेतली ती जोडधंदा म्हणून, हंगामात सफरचंदाच्या पेट्या वाहायला. पुढं दोन जागा, मागं एक बाकडं आणि त्याच्या मागं हौदा.

आता हिटरवाचून एवढं काय अडलं होतं ते सांगते. माझी नणंद जयश्री, आमची जयू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. त्या वेण्या मी घातल्यात. तिला आठवा सरत आला होता. रोहडूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, बाळ पायाकडून आहे, आईच्या अंगात रक्त कमी आहे, ऑपरेशन लागणार, इथं ते जमायचं नाही. शिमल्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आधीच जाऊन राहा, आणि बर्फ पडायच्या आत जा.

शिमल्याला जायचं तर मधे खडापत्थरचा घाट. तिथं थंडीत गाडीची काच बाहेरून गोठते आणि आतून आपल्याच श्वासानं पांढरी होते. हिटरचं वारं काचेवर आलं नाही तर ड्रायव्हर आंधळा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या वाटेनं माझ्या जयूला न्यायचं होतं, पोटातल्या बाळासकट.

“भाड्याची जीप करू,” असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

“दारात गाडी असताना?” मालक म्हणाले.

“मी असताना?” दाजी म्हणाले.

दाजी म्हणजे जयूचा नवरा, शहाजीराव. दक्षिणेत कुठंतरी त्यांचं गलाईचं दुकान होतं. ते बुडवलं, आणि गणपतीच्या आधी नवराबायको आमच्याकडं आले. जयू बाळंतपणाला आणि दाजी मदतीला. मदत म्हणजे गादीवर बसून चहा प्यायचा आणि गिऱ्हाईक गेलं की त्याला नावं ठेवायची. सकाळी त्यांच्या अंघोळीचं पाणी मी तापवायचं. ते कढत झालं तरी बोलायचे, कोमट झालं तरी बोलायचे. गाडीतलं आणि थंडीतलं सगळं ज्ञान त्यांच्याकडं, कारण ते एकदा लडाखला जाऊन आले होते. लडाखला ते विमानानं गेले होते, हे जयूनं मला हळूच सांगितलं होतं.

पण बोलायची सोय नव्हती. आमच्याकडं जावई म्हणजे देव, आणि देव निदान नैवेद्याला नावं ठेवत नाही. आल्या आल्या आत्यांनी त्यांना पूर्ण पोषाख केला, वर मानाचा टॉवेल दिला, निळ्या काठाचा, जाडजूड. दाजींनी तो हातात तोलून बघितला. “बरा हाय,” म्हणाले.

त्यात माझं तोंड त्या वर्षी मुळातच बंद केलेलं होतं. त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

गलाईच्या दुकानातला केर फेकत नाहीत. भट्टीची राख, सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी, फरशीवरची धूळ, फाटकी गोणपाटं, सगळं पत्र्याच्या डब्यात साठवायचं. दिवाळीच्या तोंडावर ते जाळायचं, धुवायचं, आणि त्यातून वर्षभराचं सांडलेलं सोनं काढायचं. आमची दिवाळी त्या केरातून निघते. रोजचा केर झाडायचं काम माझं, डब्याची किल्ली माझ्या कमरेला. त्या वर्षी डबा काठोकाठ भरलेला होता. मालकांनी जाळला, धुतला, पुन्हा धुतला, आणि हाताला काहीच लागेना. आत चुलीची राख होती. कुणीतरी दुकानाचा केर काढून त्यात चुलीची राख भरली होती.

“केर कोण झाडतं?” आत्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, “चूल कुणाची?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मालन, तुझ्या भावाचं घर बांधायला काढलंय म्हणं?”

मी मालकांकडं बघितलं. मालक परातीतल्या पाण्याकडं बघत होते.

आणि तेव्हा दाजी गादीवरून बोलले, “जाऊ द्या हो मामी. घरचीच बाई हाय. माफ करून टाका.”

माफ केलं मला! आत्यांनी कमरेची किल्ली मागून घेतली, आणि मी ती काढून दिली. त्या दिवसापासून त्या घरात माझ्या शब्दाला चुलीतल्या राखेएवढीसुद्धा किंमत राहिली नाही. जयू तेवढी रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि माझे पाय चेपायला लागली. सात महिन्यांची पोटुशी पोर. मी तिला रागावले आणि निजायला पाठवलं.

तर थर्मोस्टॅट. तो शिमल्याहून मागवला. आला, बसवला, आणि हिटर होता तसाच. घरघर आवाज मोठा आणि वारं म्हणजे म्हातारीची फुंकर. मग दाजी म्हणाले रेडिएटरचं पाणी खराब आहे. पाणी बदललं. मग म्हणाले पाण्यात हवा धरलीय. मालकांनी चढावर गाडी लावून इंजिन रेमटवलं आणि बॉनेटमागं दाजी “अजून! अजून!” म्हणून ओरडत होते. सगळा बाजार बघत होता.

समोरच्या गॅरेजातला नेगी चहाचा पेला घेऊन टंगळमंगळ करत आला. त्यानं दारातून आत वाकून डॅशबोर्डाला कान लावला. म्हणाला, आतल्या पंख्यात काहीतरी अडकलंय, उंदरानं घर केलं असेल, ब्लोअर खोलावा लागेल.

दाजी एवढ्या जोरात अंगावर गेले की नेगीच्या हातातला चहा सांडला. “काही खोलायचं न्हाय! वायरिंग जळतंय! गाडी पेटल्यावर कोण जबाबदार?”

नेगीनं खांदे उडवले आणि तो परत गेला. आग्रह करायला तो काही आमचा पाहुणा नव्हता.

मी रात्री मालकांना म्हटलं, “आवो, भट्टीत कोळसा लालबुंद हाय आणि भाता फुंकत न्हाय, तर माणूस भाता बघंल का कोळसा? ह्यांनी जन्म भट्टीपुढं काढला आणि हे कोळसाच बदलत्यात.”

“दाजींना कळतंय त्यातलं,” मालक म्हणाले आणि कुशीवर वळले.

देव अक्कल वाटत होता तेव्हा दाजी बहुतेक लडाखला गेले होते, असं मला वाटायचं. एवढंच वाटायचं. माणूस मूर्ख आहे म्हटलं की आपण निर्धास्त होतो, बारकं बघत नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे होते. मी हळद लावायला गेले तर हात मागं घेतला आणि म्हणाले, रेडिएटरचा पत्रा लागला. आणि एकटेच गाडीत बसून दारं लावून घ्यायचे. “आवाज ऐकतोय,” म्हणायचे. मला वाटलं, ऐकू दे, तेवढाच घरात आवाज कमी.

बर्फ काही दाजींसाठी थांबणार नव्हता. एके दिवशी उठलो तर समोरचा डोंगर खालपर्यंत पांढरा, आणि जयू कमरेला हात लावून भिंतीला टेकून उभी.

“वैनी, दुखतंय,” ती म्हणाली. “राहून राहून दुखतंय.”

जीपवाल्यांकडं मी स्वतः पळत गेले. आज घाट चढणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता निघा, अजून रस्ता चालू आहे, दुपारनंतर कुणी सांगावं. मग आमचीच पिकअप. हौद्यात गोण्या टाकल्या, चाकांना साखळ्या लावल्या. आत्यांनी गाडीवरून लिंबू उतरवलं. सगळ्यात आधी दाजी जाऊन पुढच्या जागेवर बसले.

“दाजी, जयूला बसू द्या की पुढं. पाय पसरता येतील तिला.”

“मला गाडीकडं लक्ष ठेवायला लागंल,” दाजी म्हणाले. गुडघे समोरच्या सामानाच्या कप्प्याला टेकवून, गाडीचे मालक असल्यासारखे ते बसले. जयू मागं बाकड्यावर, मी तिच्या शेजारी. आमचे मालक चालवायला.

जुब्बळपर्यंत ठीक गेलो. पुढं चढ लागला आणि बर्फ भुरभुरायला लागला. काच बाहेरून वायपर पुसत होता, पण आतून ती दुधासारखी झाली. मालक एका हातानं फडकं फिरवायचे, चार हात दिसायचं, की पुन्हा पांढरं. शेवटी खिडकीची काच खाली केली आणि मुंडकं बाहेर काढून चालवायला लागले. तो सगळा गारठा मागं आमच्या अंगावर. जयूचे पाय मी मांडीवर घेतले, मोज्यांवरून चोळत बसले, तरी ते लाकडासारखे. तिनं ओठ दातात धरले होते. कळ आली की माझ्या हातात नखं रुतवायची, पण आवाज नाही काढायची.

“हिटर फुल हाय का?” मी विचारलं.

“फुलच हाय,” मालक म्हणाले.

“उंचीवर हवा विरळ असती,” दाजी म्हणाले. “लडाखलासुद्धा असंच...”

आणि गाडी घसरली. वळण होतं आणि ते मालकांना दिसलं नाही. साखळ्या खरवडल्याचा आवाज झाला, गाडी आडवी झाली, कशाला तरी टेकली आणि थांबली.

मी दार उघडून खाली उतरले. दाजींच्या बाजूचं पुढचं चाक कडेच्या पांढऱ्या दगडाला टेकलं होतं. त्या दगडापलीकडं देवदाराचे शेंडे होते, आणि ते माझ्या पायांच्या खाली होते. मी गाडीला धरून धरून पुढं गेले आणि दाजींचं दार उघडलं.

“उतरा.”

“काय?”

“उतरा म्हणत्ये. मी तो पंखा खोलणार हाय.”

“वैनी, तुमचं डोकं फिरलंय का? आत वायरी असत्यात. हणमंतराव, सांगा तुमच्या बायकोला!”

मालक दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसले होते.

दाजी हलेनात. दोन्ही गुडघे त्या कप्प्याला असे घट्ट लावलेले की बाळंतीण गादीला धरून बसावी. मी गुडघ्यांकडं बघितलं, मग खाली बघितलं. पायाकडं वारं सोडणारं भोक होतं ना, त्याच्या खाली दाजींच्या काळ्या बुटांवर धूळ पडली होती. करडी, मऊ, जड. मी बोट लावलं आणि दोन बोटांत चोळलं.

मला हिटरमधलं काही कळत नव्हतं. पण ती धूळ मी रोज संध्याकाळी झाडत होते. आमच्या दुकानाची धूळ मला डोळे मिटून कळते.

मी दाजींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलंय.

मग मी त्यांचे गुडघे सरळ ढकलले, जावई नि फावई गेला खड्ड्यात, आणि त्या कप्प्याचं झाकण ओढलं. अख्खा कप्पा हातात आला. त्याचे स्क्रू कुणीतरी आधीच काढून ठेवले होते. मागं काळी पोकळी होती आणि खालून पंखा घुसमटल्यासारखा घरघरत होता. दाजींचा पंजा म्हणजे फावडं, तो काही त्यातून जाईना, म्हणून ते ओरखडे. माझा हात बारीक. मी बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. कापड लागलं. ओलसर, जाड कापड.

दाजींनी माझं मनगट पकडलं. “वैनी, ऐका. वैनी, घरी गेल्यावर मी सगळं...”

“सोडा तिचा हात.”

मागून जयू बोलली होती. ती बाकड्यावर कशीबशी पुढं सरकली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. लग्न झाल्यापासून नवऱ्यासमोर तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. “सोडा म्हणत्ये ना!”

दाजींनी सोडला. मी ओढलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, काहीतरी टर्रकन फाटलं आणि पिशवी बाहेर आली. त्याच क्षणी पंखा मोकळा झाला आणि भसकन वारं सुटलं. करड्या धुळीचा एक लोट काचेवरून, पायाकडून, सगळीकडून आला. आम्ही सगळे खोकायला लागलो. जयूची शाल, तिचे मोजे, माझा पदर, सगळं करडं झालं. आणि मग नुसतं गरम वारं. भट्टीचं दार उघडल्यासारखं गरम, चांगलं, भरपूर वारं. काच खालून साफ होत वर चालली आणि पुढचा रस्ता दिसायला लागला.

पिशवी माझ्या हातात होती. जाड पांढरं कापड, निळा काठ. आत्यांनी दिलेला मानाचा टॉवेल.

“ही मी शिवलीय,” जयू म्हणाली. “तुम्ही म्हणाला होता गाडीचे पाने ठेवायला पायजे. मी हातानं शिवलीय ही.”

दाजी रुमालानं तोंड पुसत होते. मला तेव्हा सगळा उलगडा झाला. हे गणपतीच्या आधी आले, तेव्हा थंडी नव्हती. विट्याकडं आणि दक्षिणेत जन्म गेलेल्या माणसाला ती पोकळी कशासाठी असते, हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. अंघोळीला जाताना मी किल्ली खुंटीला लावायची, ते ह्यांनी हेरलं. लपवायला जागा चांगली दिसली, पिशवीत केर भरून कोंबला आत. थंडी आली, मालकांनी हिटर लावला, पिशवी खाली पंख्यावर जाऊन बसली आणि हात काही पोचेना. मग थर्मोस्टॅट! मग रेडिएटर! मग लडाख! म्हणजे मूर्ख नव्हता. भाता कुठं तुंबलाय ते त्याला आमच्या सगळ्यांआधी ठाऊक होतं. आणि ठाऊक असून तो आपल्या बायकोला ह्या कड्यापर्यंत घेऊन आला, स्वतः पुढं बसून.

“मी बाळासाठीच ठेवलं होतं गं,” दाजी जयूला म्हणाले.

“बाळ हितं हाय,” जयू म्हणाली. “मागच्या सीटवर. गारठून बसलंय कवाधरनं.”

मला वाटलं, आता तरी आमचे मालक त्या माणसाच्या कानफटात देतील. मालकांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि नजर काचेवर नेली. म्हणाले, “असू दे दाजी. होतंय माणसाकडनं. घरचीच गोष्ट हाय, भाईर नको जायला.”

दिवाळीला मी घरची होते तेव्हा परातीत काय बघत होता, असं माझ्या अगदी ओठावर आलं. पण जयूला कळ आली होती, म्हणून मी पिशवी दाजींच्या मांडीवर आपटली, दार लावलं आणि मागं जाऊन बसले. मालकांनी गाडी मागं घेतली, सरळ केली. पुढचा चढ काही वाटलंच नाही. जयूचे पाय हळूहळू गरम झाले. दाजी पिशवी पोटाशी धरून बसले होते. फाटकी बाजू वर केली होती.

खिंडीत चहाची दुकानं आहेत. ती दिसल्यावर जयू म्हणाली, “दादा, गाडी थांबीव.”

“काय झालं? लई दुखतंय?”

“थांबीव.”

मालकांनी थांबवली. जयू नवऱ्याशी बोलली, अगदी शांतपणे, भाजीला काय करू विचारावं तशी. “ती पिशवी खिडकीतनं खाली दरीत टाका आणि चला. न्हायतर ती घेऊन हितं उतरा.”

दाजी हसले. “ऑं? खुळी का तू? टाकायची?”

“टाका.”

“अगं, सोनं हाय ते!”

“व्हय. म्हणूनच म्हणत्ये.”

मालक म्हणाले, “जयू, आगं जावई माणूस...”

मी दाजींच्या मानेकडं बघत होते. खरं सांगते, टाकतील असं मला वाटलं होतं. कितीही झालं तरी बायको कळा देतेय, पहिलं मूल आहे, माणूस टाकेल. म्हणजे एवढं सगळं बघूनसुद्धा मी त्यांना थोडी किंमत देतच होते. दाजींनी दरीकडं बघितलं. मागं जयूकडं बघितलं. मग पिशवीकडं बघितलं, आणि हात दाराच्या कडीकडं गेला.

“मी मागनं येतो जीपनं,” ते म्हणाले. उतरले. पिशवी काखेत मारली, मफलर कानावर घेतला आणि चहाच्या दुकानाकडं चालायला लागले. दारसुद्धा नीट लावलं नाही. ते मी उतरून लावलं आणि मग पुढंच बसले.

“चला,” मी मालकांना म्हटलं. ते निमूट चालवायला लागले. वाटेत एकदा म्हणाले, “हिटर झ्याक चाललाय.” मी मागं हात घालून जयूचा हात धरला.

शिमल्याला ऑपरेशन झालं, मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर दोघींचं सांगता आलं नसतं. दाजी मागनं आले नाहीत. जीपनं नाहीत, विमानानंही नाहीत. त्यांच्या गावाकडून दोनदा बोलावणी आली. जयू गेली नाही.

रोहडूला परत आल्यावर आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, बराच वेळ थोपटलं, आणि म्हणाल्या, “पण जावयाला असं वाटेत उतरवायचं? लोकं काय म्हणत्याल?” मी उठून आत गेले. संध्याकाळी बघते तर डब्याची किल्ली माझ्या उशाशी ठेवलेली. तोंडानं चूक म्हणायला ह्या घरातल्या माणसांची जीभ झडते. पण किल्ली होती. मी ती उचलून कमरेला खोचली.

मग एक काम मी मालकांना सांगितलं आणि त्यांनी मुकाट्यानं केलं. नेगीला बोलावून ब्लोअर पूर्ण खोलला. पंख्याच्या घरट्यात, खालच्या भोकात, पायाखालच्या मॅटवर जे करडं बसलं होतं ते सगळं झाडून घेतलं. जयूची शाल, तिचे मोजे, माझं लुगडं, मॅटा, सगळं जाळलं. ती राख धुतली आणि मुशीत घातली. पिवळाधमक मणी निघाला. त्यातून जयूच्या लेकीच्या कानातल्या बाळ्या केल्या, आणि उरलं ते जयूच्या नावानं ठेवलं.

चार वर्षांनी असेल, दुकानात दाजींच्या गावचा एक पाहुणा आला. जयूची लेक माझ्या मांडीवर बसून अंकलिपी वाचत होती, जयू काट्यावर गिऱ्हाइकाचं सोनं तोलत होती. तोवर दुकान तीच बघायला लागली होती. पाहुण्यानं चहा घेतला, खाकरला, आणि आत्यांकडं बघत म्हणाला, “शहाजीरावांचा निरोप हाय. त्या पिशवीत सोनं नव्हतं म्हणं. किती फुंकलं, किती धुतलं, नुसती राख निघाली. ते म्हणत्यात, वाटेत मालन वैनीनंच हात मारला.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मालकांनी काट्याकडं बघितलं. जयू तेवढी हसायला लागली, एवढी की तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

“त्यास्नी सांगा,” मी पाहुण्याला म्हटलं, “सोनं जड असतंय. पिशवी फाटली की ते खाली पडतं आणि राख तेवढी वर राहती. जन्म भट्टीपुढं काढला, पण जड काय आणि हलकं काय ते तुमाला कळलं न्हाय, असं वैनीनं सांगितलंय म्हणावं.”

पाहुण्याला काही कळलं नाही. त्यानं चहा संपवला. मी पोरीला खाली ठेवलं, कमरेची किल्ली काढली आणि संध्याकाळचा केर काढायला उठले.